बद्द वाजणारे टायर

नाशिकहून निघालो तेव्हा आमच्या गाडीत एक भुंगा होता आणि मी तो नसल्याचं सांगत होतो.

विजेची गाडी घेतल्यापासून मी तिच्या शांततेबद्दल इतकं बोलत असे की सोसायटीतली माणसं मला लिफ्टपाशी पाहून जिन्याकडे वळत. "चालू आहे की बंद, कळतच नाही हो!" हे वाक्य मी दूधवाल्यालासुद्धा ऐकवलं होतं. वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "गाडीचा वाचलेला आवाज मालक भरून काढतो."

ती शांतता मी स्वतःच्या हातांनी घालवली, त्याची गोष्ट अशी. वैशालीचं माहेर वर्धा जिल्ह्यातलं सिंदी (रेल्वे). मागच्या खेपेला मी गाडी कौतुकाने थेट मामाजींच्या शेतापर्यंत नेली. (विदर्भात सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) तिथली काळी माती ओली होती. चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटावर बसली. शेवटी बैलजोडी आणून ती ओढून काढावी लागली. मामाजी बैलांच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाले, "याईले चार्जिंग कराले लागत नाई, नाई का जवाईबापू?"

हे वाक्य माझ्या मनाला लागलं. नाशिकला परत येताच मी गाडीचे चांगले, गुळगुळीत टायर काढून टाकले आणि डोंगरदऱ्यांत जाणाऱ्या गाड्यांना असतात तसले, बोटभर खोल खाचांचे आणि जाड ठोकळ्यांचे टायर बसवले. गाडी पहिलवानासारखी दिसू लागली. वैशाली एवढंच म्हणाली, "शेतात वर्षातून एकदा जातो आपण. रस्त्यावर रोज." मी हसलो. बायकांना टायरमधलं काय कळतं, असं ते हसू होतं. त्या हसण्याचा हिशेब पुढे येईलच.

या खेपेचा प्रवास मात्र साधा पाहुणचाराचा नव्हता. सासूबाई गेल्यापासून मामाजी सिंदीला एकटेच राहतात. मागच्या मे महिन्यात शेतातून येताना त्यांना उन्हाने चक्कर आली, शेजारच्या माणिकरावांनी धरून घरी आणलं. तेव्हापासून वैशाली त्यांच्या मागे लागली होती की उन्हाळ्यापुरतं तरी नाशिकला चला. ते नाही म्हणत राहिले. यंदा फोनवर कसे कोण जाणे, "या घ्याले" म्हणाले. वैशालीने बॅग भरतानाच मला सांगितलं, "बाबा आले तरच मी परत येणार. नाहीतर उन्हाळाभर मी तिथेच. तुम्ही तुमचं बघा." मला भात लावताना पाणी किती घालतात हेही ठाऊक नाही. तेव्हा या प्रवासात कोणाचं काय पणाला लागलं होतं, ते वाचकांच्या ध्यानात आलं असेल.

समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर गाडी चढली आणि भुंगा जागा झाला. हूंऽऽऽ असा एकसुरी आवाज. वेग वाढला की सूर वर चढे. जुन्या डिझेल गाडीत इंजिनच एवढं बडबडायचं की बाकी कोणाला तोंड उघडायची सोय नव्हती. थोरल्या जावेचा आवाज बसल्यावर धाकटीला कंठ फुटावा, तसं इथे इंजिन गप्प झाल्यावर टायरांना फुटला होता.

"आवाज येतोय," वैशाली म्हणाली.

"वारा आहे."

सिंदखेडराजाच्या आसपास मी म्हणालो, "रस्ता खराब आहे." रस्ता आरशासारखा होता. कारंजा मागे पडल्यावर मी गाण्यांचा आवाज वाढवला. गाडी चार्जिंगला लावून दोनदा चहा प्यायलो तेव्हा कुठे कानांना आराम पडला.

येळाकेळीजवळ महामार्ग सोडला. दोन्ही अंगांना पळस फुलला होता. पान एक नाही, नुसता केशरी पेटलेला. कापूस निघून गेलेली रानं उघडी पडली होती आणि वेचणीत राहिलेली बोंडं पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) ढिगांवर चिकटून होती. या ठिकाणी दर वेळी एक चमत्कार घडतो. वैशालीने काच खाली केली, गरम झळ आत आली, आणि सव्वीस वर्षं नाशिकची मराठी बोलणारी माझी बायको म्हणाली, "काय ऊन हाय बाप्पा! काच काऊन उघडली म्या!"

मामाजी ओट्यावरच बसले होते. अंगात धुतलेला सदरा, कानात मशीन. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून वैशालीने ते कानातलं मशीन घेऊन दिलं आहे. आधी ते नको म्हणत होते. आता सगळ्या आळीचं ऐकू येतं म्हणून खूश आहेत. जेवायला पातोडीचा रस्सा होता. (बेसनाच्या वड्या, वर तिखटाचा लाल तवंग.) वरून मूठभर सांबार. (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मी पहिल्या वर्षी सांबाराची वाट बघत इडली मागितली होती. ते असो.) गाडी ओसरीतल्या प्लगवर चार्जिंगला लावली. मामाजी तिच्याकडे पाहून म्हणाले, "बैलापेक्षा जास्त खाते. अन् शेन बी देत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. माणिकराव आणि त्यांची बायको शेवंताकाकू निरोपाला रेल्वे फाटकापर्यंत चालत आले. मामाजी मागच्या सीटवर ऐसपैस बसले, शेजारी बॅग, मांडीवर भाकरीचं गाठोडं. गावाबाहेर पडून मी वेग घेतला, तसा भुंगा सुरू झाला. आरशात पाहिलं तर मामाजींचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा. त्यांनी मशीन कानातून काढलं, हातावर आपटलं, परत घातलं, परत काढलं. सेलू यायच्या आत त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"थांबवा."

ते खाली उतरले आणि एका बाभळीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

"या भुंग्यासंगं मी नाशिकपरेंत येत नाई."

"मशीन काढून ठेवा ना बाबा थोडा वेळ," वैशाली म्हणाली.

"मशीन लावलं तं भुंगा, काढलं तं मुका पिच्चर! कोनतं गाव गेलं, कोन काय म्हने, काई समजत नाई. तसंच न्याचं असंन तं मंग पार्सलनंच पाठवा ना मले!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. आपल्या कानाला भुंग्याची सवय होते. त्या मशीनला होत नाही. ते बोलण्यासारखाच भुंगाही मोठा करून थेट कानात सोडतं. आम्ही गाडी वळवली. निरोप देऊन अर्ध्या रस्त्यातही न पोचलेले माणिकराव आम्हाला वाटेतच भेटले. "झालं नाशिक?" त्यांनी विचारलं.

घरी आल्यावर वैशालीने स्वतःची बॅग उघडून साड्या कपाटात ठेवायला घेतल्या. मी ते पाहिलं आणि मला भाताचं पाणी आठवलं.

मग सुरू झालं निदान. वर्ध्याकडे एक फार चांगली पद्धत आहे: कोणाचीही कोणतीही वस्तू बिघडली की ती सर्वांची होते. माणिकराव म्हणाले, "बसून पाहू, कसा आवाज येते तं." ते पुढे बसले, शेवंताकाकू मागे, तिच्या हातात निवडायला घेतलेली मेथी. मी सिंदी-सेलू रस्त्यावर एक फेरी मारली.

"बेअरिंग गेली. पक्की," माणिकराव डोळे मिटून म्हणाले.

"माया मिक्सर असाच करे," शेवंताकाकू मेथी निवडत म्हणाली. "मंग एक दिवस त्याच्यातून धूर निंगाला."

त्यांना सोडलं तर ओट्यावर आणखी माणसं जमली होती. दुपारपर्यंत मी आळीला फेऱ्या मारून आणल्या. एकाने सांगितलं की बॅटरीतला करंट गोल फिरून राहिला आहे. दुसऱ्याने गाडीला लिंबू-मिरची नसल्याकडे बोट दाखवलं. एक आजोबा काही न बोलता दोनदा चक्कर मारून आले; गार हवा मिळते म्हणून बसले होते, हे उतरताना त्यांनीच कबूल केलं.

शेवटच्या फेरीला वैशाली शेजारी येऊन बसली. वाटेत एक तुकडा नव्याने डांबर टाकलेला लागतो. त्यावर गाडी गेली आणि भुंगा एकदम मवाळ झाला. तुकडा संपून जुनी खडबडीत सडक आली, भुंगा पुन्हा चढला.

"वळवा," ती म्हणाली. पुन्हा तसंच झालं. "परत वळवा."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "रस्ता बदलला की आवाज बदलतो. म्हणजे बॅटरी नाही, बेअरिंग नाही, लिंबू-मिरची नाही. हे तुमचे पहिलवान."

मला सगळं लख्ख दिसलं. टायरचा एकेक ठोकळा रस्त्यावर थाप मारत होता, आणि दोन ठोकळ्यांच्या मधल्या खाचेत कोंडलेली हवा फुसफुसून बाहेर पडत होती. एका चाकाच्या मिनिटभरात किती थापा, आणि चाकं चार! मी स्वतःच चार तबलजी विकत घेऊन गाडीखाली बसवले होते.

"मी पहिल्याच दिवशी..." वैशालीने सुरुवात केली.

"हो," मी म्हणालो. लग्नाला एवढी वर्षं झाली की हे वाक्य पूर्ण व्हायची वाट बघायची नसते.

टायरचं दुकान सापडलं नालवाडीला, वर्धा शहर सुरू होतं तिथे. मामाजी बरोबर आले. नवा टायर त्यांच्या कानाला पसंत पडायला हवा, हे आता उघड होतं. दुकानाचे मालक बंडूभाऊ उंच स्टुलावर बसून चहा पीत होते. मी आवाजाची कैफियत मांडली. त्यांनी शांतपणे ऐकली.

"साहेब, आवाज येऊन राह्यला तं गान्याचा आवाज वाढवा ना."

"वाढवून झालाय."

त्यांनी वाकून टायर पाहिले. "गाडी जंगलात नेता?"

"शेतात."

"किती एकर हाय?"

"माझं नाही. सासऱ्यांचं."

बंडूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामाजींकडे, आणि कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. जावयाबद्दल जे बोलायचं ते या भागातली माणसं चहात बुडवून पितात.

ते मला मजबूत टायर दाखवू लागले. जेवढा काळा, जाड आणि राकट, तेवढं त्यांचं प्रेम जास्त. वैशालीने मात्र फोनवर वाचून अभ्यास केला होता. तिला हवा होता बारीक रेघांचा टायर, ज्याचे ठोकळे लहानमोठे असतात म्हणजे सगळ्यांच्या थापा एका सुरात पडत नाहीत. आतून फोमचा, म्हणजे गादीतल्या स्पंजसारखा थर असतो, जो आतल्या आत आवाज पिऊन टाकतो. आणि शिवाय जो बॅटरीवाल्या जड गाडीचं ओझं पेलतो. बंडूभाऊ म्हणाले, "टायरात गादी? झोपाचं हाय का त्याच्यात?" पण माणूस भला. नागपूरला फोन लावला आणि उद्या आणून देतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टायर आले. बसवण्याआधी मामाजी पुढे झाले. उन्हाळ्यात माठ घेताना कसं बोटाच्या पेरांनी वाजवून बघतात, तसं त्यांनी आधी बंडूभाऊंचा एक राकट टायर वाजवला. टण्ण. मान डोलावली. मग आमचा नवा वाजवला. बद्द. पुन्हा वाजवला. बद्द. दुसरा, तिसरा, चौथा. बद्द, बद्द, बद्द.

ते सरळ झाले. "नाई पाहिजे."

"काऊन बाबा?"

"फुटका हाय. चारही फुटके. बद्द वाजून राह्यले."

"बाबा, हा काय माठ हाय का?"

"मी आजपरेंत बद्द वाजनारी वस्तू घेतली नाई. माठ घेतला नाई, टरबूज घेतलं नाई, ढोलकी घेतली नाई."

बंडूभाऊंना आधार मिळाला. "काकाजी बरोबर बोलून राह्यले. मी कालच म्हनलं, गादी कायले!"

वैशालीने कपाळावरचा घाम पुसला. तिने मामाजींचा हात धरला आणि राकट टायरावर ठेवला. "हा टण्ण वाजते. गाडीखाली गेला का दिवसभर टण्णटण्ण वाजन. भुंगा!" मग तो हात नव्या टायरावर ठेवला. "हा वाजतच नाई. आवाज गियून टाकते. आपल्याले बद्दच पाहिजे, बाबा."

मामाजींनी नवा टायर आणखी एकदा वाजवून पाहिला. सत्तर वर्षांच्या खरेदीचं शास्त्र त्यांच्या डोळ्यांदेखत उलटं होत होतं. "जमाना कसा आला पाहा," ते शेवटी म्हणाले. "लोक पैसे देऊन बद्द घेऊन राह्यले." आणि मान हलवून परवानगी दिली. टायर बसेपर्यंत आम्ही गोरसपाक खाल्ला. (वर्ध्याचं जाडजूड तुपाळ बिस्किट, एक खाल्लं की जेवायची गरज नाही, तरी आपण चार खातो.) जुने टायर मामाजींनी दुकानात टाकू दिले नाहीत, कुटारावर (जनावरांसाठी साठवलेल्या भुशावर) टाकलेली ताडपत्री वाऱ्याने उडते, तिच्यावर ठेवायला बरे, म्हणाले. परतताना घेऊ म्हणून बाजूला ठेवले.

"भुंगा मोकया सडकेवर येते," मामाजी म्हणाले. "पुलगावपरेंत जाऊन पाहू."

गाडी वर्धा सोडून पुलगावच्या रस्त्याला लागली, आणि काय सांगू! वेग वाढला, पण आवाज नाही. नुसता रेशमी सुसकारा. खिडकीबाहेर झाडं मागे पळत होती आणि आत देवघर. मी आनंदाने वैशालीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मागे मामाजी डोळे मिटून बसले होते. आम्हाला वाटलं, डोळा लागला.

आणि इथे माझ्याकडून ती चूक झाली.

गेले सहा महिने गाडीत भुंगा होता आणि, मधले थोडे शांत महिने सोडले तर, त्याआधी पंधरा वर्षं डिझेलचं इंजिन. मामाजी मागे बसले की पुढे आम्ही काहीही बोलायचो. त्यांना ते ऐकू जाणं शक्यच नसायचं. बारशाला काय आहेर आला, कोण किती जेवलं, कोणत्या नातेवाइकाचं तोंड का वाकडं होतं, हे सगळं गाडी सुटल्यावर बोलायचं, हा आमच्या घरचा नियम. जीभ त्या सवयीने सुटली.

"चार महिने म्हणजे बघ," मी म्हणालो, "माझी आरामखुर्ची गेली. सकाळचा पेपर गेला. रिमोट तर गेलाच. जे काही उरेल ते माझं."

वैशाली हसली. "आणि बाबांची ती फाटकाची गोष्ट?"

"बापरे! ती रोज संध्याकाळी होणार."

"ते 'फाटक बंद झालं' म्हणाले की मी आतून तुम्हाला फोन करेन. तुम्ही 'अर्जंट आहे' म्हणून उठायचं. आणि मला पण उठवायचं."

"आणि पहाटेचं ते घसा खाकरणं?"

"त्याला इलाज नाही. कापूस घालू कानात."

मागून आवाज आला. हळू, पण त्या गाडीत तो देवळातल्या घंटेसारखा वाजला.

"खुर्ची नाई पाहिजे मले. मी माई सतरंजी घेऊन येतो."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. आता गाडीत एवढी शांतता होती की मला माझा घाम फुटलेला ऐकू आला. वैशालीने मान वळवली नाही. तिच्या मानेला ते शक्य नव्हतं. मामाजींच्या कानात मशीन होतं. भुंगा नव्हता, मग ते कशाला काढतील? ही शांतता घडवायला मी जिल्हाभर धावलो होतो आणि ती दोन्ही बाजूंनी चालते, एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुलगाव जवळ आलं. इथे लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, पण त्या दुपारी पुलगावच्या हद्दीत सगळ्यांत स्फोटक माल आमच्या गाडीत होता. स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेतला. मामाजी टपरीवाल्याशी कापसाच्या भावाबद्दल मनापासून बोलले. आमच्याशी एकच वाक्य: "टायर चांगले हायेत." परतीच्या वाटेवर आमच्यापैकी कोणी खोकलंसुद्धा नाही. वाटेत जुने टायर गाडीत कोंबले. मामाजी त्यातला एक मांडीवर घेऊन सिंदीपर्यंत बसले, बाहेर पाहत.

घरी गेल्यावर त्यांनी खाटेवरची आपली बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"झालं," वैशाली स्वयंपाकघरात मला म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज चिडलेला. "तुम्हाला खुर्चीच पाहिजे होती ना? बसा आता एकटे तिच्यावर."

"आणि ते कापसाचं कोण म्हणालं?"

यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टायर घेऊन ताडपत्रीवर ठेवायला निघून गेलो. मला आता खरंच वाईट वाटत होतं. मामाजींनी एकदाचं "या घ्याले" म्हटलं होतं. मे महिना येणार होता, तसाच तापलेला, आणि त्या शेताच्या वाटेवर ते पुन्हा एकटे असणार होते. मी माफी मागायला तीनदा ओट्यावर गेलो; तिन्ही वेळा त्यांनी मशीन काढून बाजूला ठेवलेलं होतं.

सकाळी मी एकटाच निघायची तयारी केली. वैशालीने माझ्याकडे न पाहता मला कुकरच्या शिट्ट्या सांगितल्या. बॅग घेऊन गाडीपाशी आलो तर मागच्या सीटवर मामाजी बसलेले. शेजारी बॅग. बॅगेवर गुंडाळलेली सतरंजी.

"चला ना," ते म्हणाले. "ऊन होते मंग."

वैशाली धावत आत गेली. तिची बॅग मी आयुष्यात एवढ्या लवकर भरलेली पाहिली नव्हती. ती येऊन बसल्यावर मामाजींनी कानातलं मशीन काढलं, त्याच्या डबीत ठेवलं, आणि डबी पुढे करून तिच्या हातात दिली.

"हे ठेव तुयापाशी. नाशिक येईपरेंत दोघं जन काय बोलाचं ते बोलून घ्या. तठी गेल्यावर मशीन देजो. मंग जे बोलाचं ते मायासमोर बोलाचं, मांगं नाई."

आम्ही निघालो. येळाकेळी, मग महामार्ग. गाडी शांत, मामाजींचे कान शांत, आणि आम्हाला बोलायची पूर्ण मुभा. एक शब्द सुचेना. परवानगी मिळाल्यावर निंदेतली सगळी चव जाते, हा शोध मला त्या दिवशी लागला. वैशाली डबी हातात धरून बसली होती, एखादा अंगारा धरावा तशी.

कारंजाच्या आसपास मामाजींनी घसा खाकरला आणि मशीन नसलेली माणसं बोलतात तसल्या भरघोस आवाजात सुरुवात केली:

"सिंदीचं फाटक बंद झालं!"

फाटकाची गोष्ट. इंजिन नाही, भुंगा नाही, आणि आमच्या कानातलं काढून डबीत ठेवायला काही नव्हतं. गाडीच्या चारही कोपऱ्यांत गोष्ट स्पष्ट ऐकू येत होती. खरं सांगतो, लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ती फाटकाच्या पुढे कधी ऐकलीच नव्हती. सासूबाई होत्या तोवर फाटक बंद झालं की त्याच म्हणायच्या, "पुरं करा आता." त्या गेल्यावर ते काम आम्ही करत होतो.

"लगन झालं अन् तुया मायले घेऊन आलो बंडीत." (बंडी म्हणजे बैलगाडी.) "बाप सामोर बैल हाकून राह्यला, आमी दोघं मांगं. चाक कर्रर कर्रर करे. आमी दोघं बोलून राह्यलो. पहिल्यांदाच बोलून राह्यलो ना! बापाले काई आयकू जाये नाई. अन् फाटक बंद झालं. मालगाडी लय लांब. बाप बसून बसून कंटायला. म्हने, तवापरेंत चाकाले वंगन लावतो. लावलं ना बाप्पा! फाटक उघडलं, बंडी निंगाली, आवाजच नाई. तुयी माय चूप. मी चूप. बाप एकटा बैलाईसंगं बोले."

"मग?" वैशालीने मागे वळून विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही, पण चेहरा दिसला.

"मंग मी म्हनलं, जरा जाऊन येतो. उतरलो. मूठभर माती घेतली अन् चाकाच्या आसात कोंबली. कर्रर! घर येईपरेंत तुयी माय बोलतच राह्यली." ते खिडकीबाहेर पाहून हसले. "बाप मरेपरेंत म्हने, त्या दुकानदारानं वंगन भेसळीचं देल्लं."

वैशाली हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मी आरामखुर्ची मनातल्या मनात उचलून मामाजींच्या खिडकीपाशी नेऊन ठेवली. पेपर तिच्यावर ठेवला. रिमोटही ठेवला, जरा जड हाताने.

मामाजींनी हात पुढे केला. "आन मशीन इकडं. तुमी तं काई बोलूनच नाई राह्यले."

मशीन कानात गेलं. सिन्नरचं वळण यायला अजून बराच अवकाश होता. काँक्रीटवर नवे टायर अगदी बारीक गुणगुणत होते. एवढ्याशा आडोशात काही बोलता येण्यासारखं नव्हतं. वैशाली माझ्याकडे पाहत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने कळलं.

मी माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली केली. वारा भस्सकन आत घुसला आणि सगळी गाडी त्याच्या आवाजाने भरून गेली. वैशाली माझ्या कानाशी वाकली आणि जे बोलायचं ते बोलली. ते इथे लिहीत नाही.

घरी पोचलो. मामाजी उतरले, अंग मोडलं, आणि सवयीने वाकून पुढच्या टायरावर पेरं वाजवली. बद्द.

"टायर झक्कास घेतले, जवाईबापू," ते म्हणाले. मग सतरंजी काखेत मारून जिन्याकडे निघता निघता वळले. "अन् काच बी टायमावर उघडली."